दोन तारांची दंतकथा

ह्या अंकात कुणी नवकवितेवर लिहील, कुणी परीक्षापद्धतीवर कोरडे ओढील, कुणी सहलीचे वर्णन करील. मी मात्र एका लाकडी फळीच्या खालच्या बाजूला लोंबणाऱ्या तारांविषयी लिहिणार आहे. विषय ऐकून संपादकांच्या भुवया वर गेल्या होत्या हे मी आधीच सांगून टाकते. ‘‘हे विज्ञान महाविद्यालयाच्या अंकाला शोभले असते,’’ असे त्यांनी हळूच सुचवलेही. त्यांचे हे वाक्यच माझ्या लेखाचे निमित्त आहे.

झाले असे की, यंदाच्या स्नेहसंमेलनातील प्रदर्शनासाठी आपल्या छंद मंडळाने छोट्या आगगाडीचा देखावा करावयाचे ठरवले. बैठकीत कामांची वाटणी झाली. घाट, बोगदा, स्टेशन, शेते, झाडे हे सारे आपल्या विद्यार्थ्यांनी करायचे आणि ‘‘खालच्या तारांसाठी बाहेरून एखादा वायरमन बोलावू’’ असे एका वाक्यात उरकले गेले. कुणालाही त्यात वावगे वाटले नाही. वरचे ते आपले, खालचे ते परक्याचे! मला ते वावगे वाटले, कारण गेल्या उन्हाळ्याची सुट्टी मी अशाच एका फळीखाली, पाठीवर झोपून, डोळ्यांत कथलाचा धूर घेत काढली आहे.

सांगलीला माझ्या मामांच्या घरी वरच्या खोलीत बारा फूट लांब आणि चार फूट रुंद टेबल आहे. त्यावर मामांची रेल्वे आहे. पुण्याला कोथरूडमध्ये १९९८ साली भाऊ जोशींचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय उघडले, ते पाहून मराठी घरांतल्या किती मुलांनी वडिलांच्या मागे टुमणे लावले असेल! आमच्याकडे उलटे झाले. टुमणे मुलाने नव्हे, बापाने लावले. मामांची गाडी ‘एचओ’ मापाची, म्हणजे खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची. दोन रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर. पंधरा-सोळा वर्षे एकेक डबा, एकेक रूळ जमवून त्यांनी ती उभी केली. ह्या संसाराचा मुकुटमणी म्हणजे टेबलाच्या कडेला बसवलेली खटक्यांची पाटी. तिच्यावर चोवीस खटके.

चोवीस कशाला, ते सांगायला हवे. जुन्या पद्धतीत रुळातून एकदिश वीजप्रवाह सोडतात. दाब शून्यापासून बारा व्होल्टपर्यंत वाढवला की गाडी वेग घेते. धन-ऋण टोके अदलाबदल केली की ती उलटी धावते. किती सरळ! पण ह्या सरळपणात एक गोम आहे. हुकूम इंजिनाला दिला जात नाही, तो रुळाला दिला जातो. त्या रुळावर जे जे इंजिन उभे असेल ते ते निमूटपणे तो पाळते. एकाच वेळी एक गाडी पुढे आणि दुसरी मागे न्यायची असेल, तर रूळ मध्येच तोडून त्याचे तुकडे करावे लागतात, त्यांना ‘ब्लॉक’ म्हणतात. प्रत्येक ब्लॉकला वेगळी तार, वेगळा खटका. गाडी एका ब्लॉकमधून दुसऱ्यात शिरायच्या आत पुढचा खटका फिरवला पाहिजे. विसरलात तर गाडी उंबरठ्यावर अडून राहते. मामांची बोटे ह्या चोवीस खटक्यांवर हार्मोनियमच्या पट्ट्यांवर फिरावीत तशी फिरत.

मग माझ्या मामेभावाने, दादाने, नोकरी लागल्यावर डिजिटल नियंत्रणाची पेटी आणली. तिच्या जाहिरातीत आणि माहितगारांच्या तोंडी एकच वाक्य: ‘‘फक्त दोन तारा जोडा.’’ चोवीस खटके नकोत, ब्लॉक नकोत, तारांचे जंजाळ नको. दादाने मामांची पाटी बाजूला केली, जुन्या तारांतल्या दोन धरल्या आणि पेटीला जोडल्या. त्याने दोन नवी इंजिने रुळावर ठेवून कळ फिरवली तो दोन्ही एकदम निघाली!

‘‘अरे, हाक एक आणि ओ देणारे दोन?’’ मामा खुर्चीतून म्हणाले. त्यांच्या आवाजात समाधान होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

ह्याचे कारण नंतर कळले. बाजारात येणाऱ्या नव्या डिजिटल इंजिनाला बहुधा ३ हाच क्रमांक दिलेला असतो. घरी आणल्यावर आपण तो बदलायचा. पण तिसऱ्या दिवशी हसण्यासारखे काही उरले नाही. टेबलाच्या दूरच्या टोकाला एक डबा रुळावरून घसरला, त्याच्या चाकाने दोन्ही रूळ एकमेकांना जोडले आणि पेटीने बंद पडायचे ते पडलीच नाही. पाच मिनिटांनी जळका वास आला. एका जोडाजवळचे प्लास्टिकचे स्लीपर वितळून रूळ वाकडा झाला होता. मामा काही बोलले नाहीत. त्यांनी ती चोवीस खटक्यांची पाटी कपाटावरून काढली, पुसली आणि पुन्हा वर ठेवून दिली. त्या दिवशी दादा जेवला नाही.

येथे मी, म्हणजे भाषेची विद्यार्थिनी, ह्या प्रकरणात शिरले. ‘‘अगं, तू आर्ट्‌सवाली, तुला ह्यात काय कळणार?’’ असे मामा म्हणालेच. पण शाळेत शिकलेला ओहमचा नियम कला शाखेत प्रवेश घेताना कुणी काढून घेत नाही. पेटी रुळाला सुमारे पंधरा व्होल्ट देते आणि पाच अँपिअरच्या वर प्रवाह गेला तर स्वतःला तोडते. आता दोन रूळ पितळी जोडपट्ट्यांनी जोडलेले, त्या पट्ट्या सैल झालेल्या, गंजलेल्या. वर जुनी केसासारखी बारीक तार. ह्या साऱ्यांचा मिळून विरोध समजा पाच ओहम झाला. पंधराला पाचाने भागा: प्रवाह तीनच अँपिअर! पेटी पाचाची वाट पाहत स्वस्थ बसते आणि तिकडे पंचेचाळीस वॅटची उष्णता त्या जोडांमध्ये आणि तारांमध्ये मुरत राहते. डाग देण्याचे आमचे सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॅटचे आहे, म्हणजे कल्पना यावी.

तेव्हा ‘दोन तारा’ ही दंतकथा आहे. खरी गोष्ट अशी की, टेबलाखालून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन जाड तारांचा राजमार्ग न्यावा लागतो. घरातल्या प्लगला वापरतात ती अडीच स्क्वेअर एमएमची तार आम्ही घेतली, एक लाल आणि एक काळी. मग रुळाच्या प्रत्येक तुकड्यापासून एकेक आखूड बारीक तार फळीला भोक पाडून खाली सोडायची आणि त्या राजमार्गाला डाग देऊन जोडायची. जोडपट्टीने रूळ सरळ रेषेत धरून ठेवावेत. वीज वाहून नेण्याचा भरवसा तिच्यावर ठेवू नये. आमचे तुकडे छत्तीस निघाले, म्हणजे बहात्तर तारा आणि वर-खाली धरून एकशे चव्वेचाळीस डाग. एवढ्यात एक जरी लाल तार चुकून काळ्याला लागली तर सारी रेल्वे ठप्प! मला ती एकदा लागली, आणि ती शोधायला एक अख्खी दुपार गेली. खालून सगळे रूळ सारखेच दिसतात हो!

तारा जोडून झाल्या की नाण्याची परीक्षा. पाच रुपयांचे नाणे घ्यावे आणि दर दोन हातांवर दोन्ही रुळांवर आडवे ठेवावे. जेथे जेथे ठेवाल तेथे पेटी ताबडतोब तुटली पाहिजे. एका जागी जरी तुटली नाही, तरी तेथे आग लपलेली आहे असे समजावे. ही परीक्षा मी मामांच्या हातून करवली. सारे टेबल फिरून झाल्यावर त्यांनी नाणे माझ्या हातावर ठेवले आणि म्हणाले, ‘‘घे, तुझी मजुरी.’’

पण मी हा लेख डाग देण्याचे धडे द्यायला लिहीत नाही. मला जे सांगायचे आहे ते पुढेच आहे. तारांमधून जाते काय?

जुन्या पद्धतीत तारांमधून नुसते बळ जात होते. नव्या पद्धतीत त्या बळातूनच बोलणे जाते. रुळांमध्ये विजेचा दाब सतत पुरता असतो. फक्त तो क्षणाक्षणाला डावी-उजवी कूस बदलतो. कूस पटकन बदलली की तो १, सावकाश बदलली की तो ०. एकाचा अर्धा भाग ५८ मायक्रोसेकंदांचा, शून्याचा अर्धा भाग १०० किंवा अधिक. वाचकहो, हे तुम्ही पूर्वी कोठे पाहिले आहे? मी पाहिले होते, छंदशास्त्राच्या तासाला! एक लघू, एक गुरू. गुरू पुरता दुप्पट नाही, पावणेदोन पट म्हणा. पण कान ओळखतो तो कालावधीच. इंजिनाच्या पोटात जो ‘डिकोडर’ नावाचा चिमुकला ठोकळा असतो, तो दुसरे काही न करता अहोरात्र मात्रा मोजतो. संदेशाच्या आरंभी किमान चौदा लघू ओळीने येतात, म्हणजे ‘सावध, आता बोलणार आहे.’ मग एक गुरू, आणि नंतर आठ-आठ अक्षरांचे चरण.

पहिला चरण कुणाला हाक मारली ते सांगतो. ३ क्रमांकाच्या इंजिनासाठी तो ००००००११ असा असतो. दुसरा चरण काय करायचे ते सांगतो. उदाहरणार्थ ०११००११०, म्हणजे पुढच्या दिशेने अमुक एका वेगाने जा. तिसरा चरण मला सर्वांत आवडतो. त्यात नवा मजकूर काहीच नसतो. पहिले दोन चरण एकाखाली एक मांडायचे. जेथे दोन्ही अक्षरे सारखी तेथे ०, जेथे वेगळी तेथे १. येथे तो ०११००१०१ असा येतो. करून पाहा. शाळेत गणिताचा ताळा पाहत असू, तसाच हा ताळा. चाकावर धूळ बसली, हिसका बसला, एखादे अक्षर बदलले, की ताळा जुळत नाही आणि इंजिन तो संदेश मुकाट्याने सोडून देते. अर्धवट ऐकलेल्या हुकमावर ते पाऊल उचलत नाही. (आपल्यापैकी किती जणांविषयी असे म्हणता येईल?) हुकूम हरवू नये म्हणून पेटी तोच संदेश पुन्हा पुन्हा म्हणत राहते, कीर्तनातल्या ध्रुवपदासारखा.

आता ह्याचे व्याकरण लावा. पहिला चरण संबोधन, दुसरा आज्ञार्थ. सारे बोलणे सर्वांच्या कानांवर पडते, पण ज्याचे नाव घेतले तेवढेच इंजिन हलते. वर्गात हजेरी घ्यावी तसे. शून्य हा क्रमांक कुणा एकाचा नाही. त्या नावाने हाक मारली की ती सर्वांना लागू होते, आणि ‘सगळे थांबा’ हा हुकूम त्याच नावाने जातो. जुन्या पद्धतीत संबोधनच नव्हते. ‘येथे जो कोणी उभा असेल त्याने धावावे’ असे ते वाक्य होते. रुळाला दिलेला हुकूम इंजिनाला देणे हा जो बदल झाला, तो मुळात विजेचा बदल नाही, वाक्यरचनेचा आहे. आणि वाक्यरचना ज्यांचा विषय आहे त्यांनीच वायरमन बोलावून मोकळे व्हावे?

हे व्याकरण कसे ठरले, तेही आपल्या अभ्यासाला लागून आहे. इंग्लंडात हॉर्नबी कंपनीने १९७९ साली ‘झीरो वन’ नावाची पद्धत काढली, सोळा इंजिने स्वतंत्रपणे चालवणारी. इतरही कंपन्यांनी आपापल्या काढल्या. पण एकीची भाषा दुसरीला कळेना. एका कंपनीची पेटी घेतली की जन्मभर तिचीच इंजिने घ्या! पुढे जर्मनीतल्या लेन्झ ह्या कंपनीने तयार केलेल्या पद्धतीच्या पायावर अमेरिकेतल्या हौशी लोकांच्या संघटनेने १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात एक खुले प्रमाण ठरवले. १९३५ पासून चालत आलेली ही संघटना काही कारखाना नव्हे. गाड्यांच्या वेडाने एकत्र आलेल्या माणसांची ती सभा. तिने ठरवलेले व्याकरण आज कोणीही वापरू शकतो. कोणाचीही पेटी, कोणाचेही इंजिन. ह्याला अपवाद आहे तो असा: पेटीपासून रुळापर्यंतची भाषा सर्वांची एक असली, तरी हातातल्या नियंत्रकापासून पेटीपर्यंतची बोली मात्र बऱ्याच कंपन्यांनी आपापलीच ठेवली. म्हणून आपल्या मंडळाने खरेदी करताना पेटी कोणत्या कंपनीची हे पाहण्याआधी तिची बोली आणखी कोण बोलतो ते विचारावे.

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्यालयात १९४६ साली निघालेल्या विद्यार्थ्यांच्या रेल्वे क्लबाची हकीगत स्टीव्हन लेव्ही ह्यांच्या ‘हॅकर्स’ ह्या १९८४ सालच्या पुस्तकात आरंभीच येते. तेथेही दोन तट होते. एकाला डब्यांचे रंग आणि डोंगर प्रिय, दुसऱ्याला फळीखालच्या तारा. खालच्या मंडळींनी टेलिफोन खात्यातली जुनी यंत्रसामग्री मिळवून तिच्यावर गाड्या चालवल्या आणि त्यांच्यातलेच काही पुढे संगणकाकडे वळले. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. मला त्यातली वेगळीच बाब महत्त्वाची वाटते. ह्या तारवाल्यांनी १९५९ साली आपल्या शब्दांचा एक कोश केला! रात्र-रात्र फळीखाली बसणाऱ्या पोरांना आपण काय बोलतो ते नोंदून ठेवावेसे वाटले. आम्ही कोश अभ्यासतो आणि फळीखाली जात नाही. ते फळीखाली गेले आणि वर येताना कोश घेऊन आले.

आता दुसरी बाजू. मामांची बाजू मी हसण्यावारी नेणार नाही, कारण तिच्यात तथ्य आहे. ते म्हणतात, ‘‘माझ्या पद्धतीत दोन गाड्या समोरासमोर येऊन आपटूच शकत नव्हत्या. एका ब्लॉकमध्ये दोन आल्याच, तरी दोघी एकाच दिशेला जाणार. तुमच्या पद्धतीत प्रत्येक इंजिन स्वतंत्र. मग धडक नाही होणार तर काय!’’ अगदी बरोबर आहे. नव्या तारा जोडल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी दादाची मालगाडी आणि माझी पॅसेंजर बोगद्यात एकमेकींना भेटल्या. जुना खटका नुसती वीज देत नव्हता. तो परवानगी देत होता. ती परवानगी आता तारांत राहिली नाही, ती माणसांनी आपसांत ठरवायला हवी. खऱ्या रेल्वेचे तेच तर आहे. आपल्याकडे एकेरी मार्गांवर टोकनाचा गोळा हाती आल्यावाचून गाडी स्टेशन सोडत नसे; इंजिनात वाफ भरलेली असली तरी ड्रायव्हर थांबायचा. आम्हीही आता एक लाकडी गोटी ठेवली आहे. जिच्या हातात गोटी तिचीच गाडी बोगद्यात. मामा ती गोटी वाटतात आणि स्टेशनमास्तरच्या रुबाबात वाटतात.

खर्चाचा आक्षेपही खरा आहे. एकेका इंजिनात डिकोडर बसवायला काही हजार रुपये पडतात आणि डिकोडर नसलेले इंजिन ह्या रुळावर ठेवून चालत नाही. त्याची मोटर गुणगुणते, तापते आणि जळूही शकते. पण सारे एका दिवसात बदलावे असे कुठे आहे? मुंबईची लोकल १९२५ साली १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर सुरू झाली. ती २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहावर नेण्याचे काम वर्षानुवर्षे टप्प्याटप्प्याने चालले आणि २०१६ साली पुरे झाले. मधल्या काळात दोन्ही प्रवाहांवर चालणाऱ्या गाड्या धावत होत्या. छोट्या इंजिनांतही पुष्कळ डिकोडर दोन्ही पद्धतींवर चालतात. म्हणून आम्ही मामांची पाटी कपाटावरून खाली आणली. एका मोठ्या खटक्याने टेबल जुन्या पद्धतीवर जाते, किंवा नव्या. दोन्ही एकदम कधीच नाही. चोवीस खटक्यांपैकी सहा आजही रोज वापरात आहेत: डिजिटल गाडी चालवताना एखादा भाग दुरुस्तीसाठी बंद ठेवायचा असेल तर ते कामी येतात. मामांच्या नऊ इंजिनांपैकी चारांत डिकोडर बसले आहेत. पाचवे, त्यांचे सर्वांत जुने, ते उघडू देत नाहीत.

एक काम मात्र अजून राहिले आहे. टेबलाच्या डाव्या टोकाला रूळ वळून स्वतःलाच येऊन मिळतो, गाडीचे तोंड फिरवण्यासाठी. अशा वळशात डावा रूळ उजव्याला जाऊन भिडतो आणि लाल-काळ्याची गाठ पडते. पद्धत जुनी असो वा नवी, ही अडचण सुटत नाही. त्यासाठी वळशाच्या दोन्ही तोंडांशी दोन्ही रूळ तोडावे लागतात आणि वळसा सगळ्यात लांब गाडीहून मोठा असावा लागतो. मग एक छोटे यंत्र गाडी आत शिरताक्षणी त्या तुकड्याची टोके आपोआप उलटवते. नव्या पद्धतीत इंजिनाची दिशा रुळाच्या टोकांवर अवलंबून नसल्यामुळे धावत्या गाडीला ह्याचा पत्ताही लागत नाही. पण कोणत्या जागी रूळ तोडायचा ह्यावर मामा आणि दादा ह्यांचे दिवाळीपासून एकमत झालेले नाही.

छंद मंडळाच्या पुढच्या बैठकीत माझी मागणी अशी राहील. आराखड्यात असाच एक वळसा आहे, तो आधी कागदावर लाल-काळ्या शाईने काढून पाहावा. वायरमनच्या मजुरीसाठी ठेवलेल्या रकमेतून अडीच स्क्वेअर एमएमची तार, कथील आणि पंचवीस वॅटची दोन आयर्न घ्यावीत. खाली झोपायला जुनी सतरंजी मी घरून आणीन. माझ्याबरोबर खाली कोण येणार त्यांनी नावे द्यावीत. मराठी आणि संस्कृतच्या वर्गांना, लघू-गुरूची सवय असल्यामुळे, अग्रक्रम राहील. पाच रुपयांचे नाणे माझ्याकडे आहे.